माय शेवटी जेवते

बोरी,
बुधवार, १५ जानेवारी

ती. अक्कास,
सिद्धोधनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर बोललं की माय कान देऊन ऐकते, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. पाच दिवस झाले, चहापलीकडे ती काही घेत नाही. विसरणं वाढलंय, पण पोटात दोष नाही, असं जिंतूरचे डॉक्टर सांगतात. सोमवारपर्यंत जेवली नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असंही म्हणाले. मनिषा सगळ्यांच्या आधी, नव्या ताटात तिला मऊ भात वाढते. माय ताट झाकून ठेवते, तुमी जेवा मंग बघू म्हणते. आपल्या हातचं सासूला गोड लागत नाही, असं मनिषाला वाटायलंय. ती रडकुंडीला आलीय. तुला जुनं काही आठवत असेल तर कळव. मी धाकटा, मला फक्त खाल्लेलं आठवतं.

माया असू दे.
तुझा सिद्धोधन


हॅम्बर्ग,
गुरुवार, १६ जानेवारी

चि. सिद्धोधनास,
जयभीम आणि आशीर्वाद.

मनिषाला सांग, तिच्या हाताला दोष नाही. चुकतंय ते आधी वाढणं. अरे, मायला कधी कुणाच्या आधी जेवताना पाहिलंस? ती चुलीपुढं भाकरी थापायची आणि आपण कण्या घालून शिजवलेली अंबाडीची भाजी ओरपायचो. तू तर माझ्या ताटातलेही शेंगदाणे पळवायचास, चोरा. आबा जेवून उठले की ती आपल्या दोघांच्या पोटावर हात ठेवून बघायची. मगच आपण जेवलेल्या उष्ट्या ताटात स्वतःला वाढून घ्यायची. तेव्हा नवं ताट नको. तुम्ही आधी जेवा, तिच्यासमोर जेवा. काय होतं ते लगेच लिही, माझं कामात लक्ष नाही.

तुम्ही दोघं स्वतःला जपा.
अक्का


बोरी,
शुक्रवार, १७ जानेवारी, सकाळ

ती. अक्कास,
स. जयभीम.

काल संध्याकाळी तू सांगितलंस तसंच केलं. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला, चव्वेचाळीस वर्षांच्या! लय सुटलंय म्हणाली. मनिषा किती दिवसांनी हसली. मग मायनं माझ्याच ताटात भाकरी कुस्करली, एक घास घेतला आणि सुका कुठाय म्हणून तुझी विचारणा केली. आबा गेल्याचं तिला आठवतं, तू परदेशी असल्याचं लक्षात राहत नाही. तुला फोन लावला, तू जेवले म्हणालीस आणि तिनं ताट सारलं. पोरगी खोटं बोलायलीय म्हणाली. मी शपथा घातल्या, पण उपयोग झाला नाही. तुझ्यावर एवढा अविश्वास का? सोमवार जवळ आलाय, अक्का.

उत्तराची वाट बघतोय.
सिद्धोधन


हॅम्बर्ग,
शुक्रवार, १७ जानेवारी, दुपार

चि. सिद्धोधनास,

तिचं बरोबर आहे. तू पाच वर्षांचा होतास. आबांना बरेच दिवस मजुरी नव्हती, टोपल्यात शेवटी एकच भाकरी उरायची. मी शाळेतून येऊन मैत्रिणीकडे जेवले म्हणून सांगायचे, म्हणजे ती भाकरी मायच्या वाट्याला यायची. महिनाभर खपलं. मग एका दुपारी मी वर्गात चक्कर येऊन पडले. त्या दिवसापासून माझ्या नुसत्या शब्दावर मायनं कधी घास उचलला नाही. फोनवरून तिला पोट कसं दाखवू?

तिकीट काढलंय. मुंबईहून रेल्वेनं रविवारी दुपारी सेलूला उतरते, स्टेशनवर ये. डॉक्टरांना विचार, सोमवार सकाळपर्यंत थांबता येईल का. नाही म्हणाले तर त्यांचंच ऐक, माझी वाट बघू नकोस. तोवर चहा गोड करून देत राहा.

वाटेत मी काही खाणार नाही. मायसमोर बसून, खरोखर भूक लागलेली असताना, जेवायचंय मला.

तोवर तिला सांभाळ.
अक्का