लाल फडक्यातला खून

पिंपरी,
माघ महिना, शनिवार

तीर्थस्वरूप दाजींच्या पायाशी ज्योतीरामचा दंडवत. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आईचा उजवा गुडघा तेवढा सोडून (तो कधीच खुशाल नसतो). साताऱ्यास अक्काची कंबर कशी आहे, पोरांचा खोकला गेला का, आणि कचेरीतले साहेब आपल्याला लिहायला सवड देतात की नुसत्या फायली देतात, ते कळवावे. कारखान्यातले माझे फिटरचे काम बरे चालले आहे. शिफ्ट बदलली की झोप उडते, पण पगार वेळेवर येतो.

आपल्या रहस्यकथेवर इकडच्या वाचकांचे काय म्हणणे आहे ते कळव, असे आपण पत्रामागून पत्र लिहीत होता आणि मी आईच्या गुडघ्यावर भागवत होतो. खरे सांगायचे तर आमच्या घरात ती एकट्या धाकट्या बहिणीने, कुसुमनेच नीट वाचली होती. मी शेवटचे प्रकरण आधी वाचले (मला दम धरवत नाही), त्यामुळे इनामदाराचा खून त्याच्या बायकोने केला आणि आळ सुनेवर घातला, हे कळले आणि मी पुस्तक मिटले. आता मात्र अभिप्राय रग्गड जमले आहेत. आणि दाजी, आपले उपकार मी कशाने फेडू ते कळत नाही, कारण आपल्या या पुस्तकाने कुसुमचे लग्न जमवले.

तिची दोन स्थळे मोडली, हे आपल्याला ठाऊकच आहे. एकाला रंग सावळा वाटला, दुसऱ्याला शिक्षण जास्त वाटले. आईने अन्न टाकायचेच बाकी ठेवले होते. हे तिसरे स्थळ आणले बरकतभाईंनी. नाशिक फाट्यापाशी त्यांचे ट्रक दुरुस्तीचे दुकान आहे, तिथला मिस्त्री सयाजी हा मुलगा. वडील दौलतराव चाकणला कांद्याचे अडते. आई मंजुळाबाई. बरकतभाई म्हणाले, मुलगा सोन्यासारखा आहे, बाप कांद्यासारखा आहे, पण घरात चालते ते आईचे. तेव्हा तिला पोरगी पसंत पडली की झाले.

आता आमच्या आईची गोष्ट ऐका. तिला अक्षरओळख नाही. जावयाने लिहिलेले पुस्तक म्हणजे तिच्या लेखी पोथीच. तिने आपल्या पुस्तकाला हळदकुंकू वाहिले, लाल फडक्यात बांधले आणि देवांपाशी, दुसऱ्या लाल फडक्यातल्या खऱ्या पोथीला चिकटून ठेवले. रोज उदबत्ती दोघांना एकच. (इनामदाराच्या प्रेताला इतकी उदबत्ती आपणही पुस्तकात लावली नसेल.)

रविवारी सकाळी मंडळी आली. पोहे झाले (दौलतरावांनी त्यातला कांदा उचलून उजेडात धरला आणि हा आपल्याकडचा नव्हे म्हणाले). कुसुमचे नावगाव विचारून झाले. मग मंजुळाबाई म्हणाल्या, पोरगी शिकलेली हाय म्हनता, तर चार ओळी वाचू द्या की. आई लगबगीने उठली आणि देवांपाशी हात जोडून लाल फडके घेऊन आली. दौलतरावांनी फेटा सारखा केला. सगळ्यांनी हात जोडले. बरकतभाईही आपले अदबीने मान खाली घालून बसले. कुसुमने फडके सोडले आणि आत काय आहे ते पाहिले. परत बांधावे तर भरल्या घरात आईची शोभा होणार. तिने घसा साफ केला आणि वाचले, ‘इनामदारांच्या पाठीत सुरा मुठीपर्यंत रुतला होता.’

हेही स्थळ गेले, हे मी धरूनच चाललो. हात जोडलेलेच ठेवून मंजुळाबाई म्हणाल्या, अगं, मग पुढं?

पुढे काय विचारता. दुपारची एस.टी. गेली. आईने दोनदा चहा केला, मग पिठलेभाकरी केली. मंडळी हलायला तयार नाहीत. आता अभिप्राय लिहून घ्या. दौलतरावांच्या मते खुनी डॉक्टर, कारण तो कुणाशी भाव न करता जातो. बरकतभाईंच्या मते ड्रायव्हर, पण सयाजी म्हणाला की ज्याला गाडीचा ब्रेक कुठे असतो हे धड ठाऊक नाही (ही चूक आपली आहे, दाजी, ब्रेक तिथे नसतो) त्याच्या हातून खून निभायचा नाही. कुसुम हे ऐकून पदरात हसली, आणि सयाजीने ते पाहिले. निसर्गवर्णने तिने सगळी गाळली. चंद्र उगवला की ती पान उलटायची. आपली क्षमा मागते. आणि मंजुळाबाईंनी पहिल्या प्रकरणापासून जमिनीवर हात आपटून सांगितले होते की खुनी दिवाणजीच.

शेवटचे प्रकरण आले तसा माझा जीव टांगणीला लागला. होणाऱ्या सासूसमोर हिने काय वाचायचे? खून सासूने केला, आणि आळ सुनेवर? कुसुमने पानावर नजर टाकली आणि आवाज तसूभरही न हलवता घडघडा वाचत गेली, की सुऱ्याचे म्यान दिवाणजीच्या धोतरात सापडले, सासूने सुनेला पोटाशी धरले आणि दोघींनी मिळून त्याला पोलिसांच्या हवाली केले. मंजुळाबाईंनी विजयी मुद्रेने नवऱ्याकडे पाहिले, कुसुमला जवळ ओढले आणि मला म्हणाल्या, तारीख काढा. आई रडली. मीही रडलो, पण तांब्या आणायला म्हणून आत जाऊन.

दाजी, आपण हे पुस्तक लिहिले नसते तर बहीण घरात बसली असती. अक्काला साष्टांग, पोरांना गोड पापा.

आपला आज्ञाधारक,
ज्योतीराम

ता. क. लग्नाला आठ दिवस आधी यावे, पण कृपा करून आहेरात पुस्तक आणू नये. आणि दुसरी आवृत्ती निघालीच तर खून दिवाणजीच्या अंगावर घालावा. आपल्याला एक प्रकरण बदलायचे आहे, कुसुमला जन्म काढायचा आहे. (दौलतरावांनी अडतीवरच्या आपल्या दिवाणजीच्या हातचा चहा बंद केला आहे, त्याचे मी बघतो.)

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच बरकतभाई आले. सयाजीने पुण्याहून आपले पुस्तक विकत आणले आणि स्वतःच्या आईला शेवटापर्यंत वाचून दाखवले. लग्न मोडले का, एवढेच मी विचारले. बरकतभाई म्हणाले, मंजुळाबाई म्हणाल्या, ‘भरल्या घरात पोरीनं माझा मान राखला. आसली सून त्या इनामदारणीला मिळाली असती, तर खून झालाच नसता.’ तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. खुनी आहे तोच ठेवावा, आणि पुस्तके आणावीत. एक त्यांच्या देवघरासाठी हवे आहे, लाल फडक्यासकट.