तिसऱ्यांदा कुणी विचारतच नाही

प्रिय कॉन्सेप्टामावशी,

तिकडे लिव्हरपूलला तू, मॉरिसकाका आणि तुझा गुडघा असे तिघंही बरे असावेत म्हणून मी रोज देवळात मेणबत्ती लावते (रोज नाही, पण रविवारी नक्की). गुडघ्याला सूज असेल तर कोबीचं पान बांध, आणि मग ते पान कालवणात घालू नकोस, आमच्या सासूबाईंनी घातलं होतं. इकडे सगळं छान आहे. आमची डर्व्हला चार महिन्यांची झाली, गुटगुटीत आहे, नाक आपल्या घराण्याचं आलंय पण ते पुढे सुधारेल. माझा लोर्कन बोटीवर आहे आणि सासूबाई घरात आहेत (उलटं असतं तरी मी तक्रार केली नसती). फोन का नाही केला म्हणशील. तर काकांना ऐकू येत नाही म्हणून तू फोनचा आवाज मोठा करून ठेवतेस, मग माझं बोलणं तुमच्या अख्ख्या गल्लीला कळतं. आणि इकडे सासूबाईंना भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. म्हणून पत्र. अक्षर वाईट आहे, शाळेत असताना मी खिडकीबाहेर जास्त बघायचे, तुला माहीतच आहे.

तर सगळं छान आहे, फक्त मला जिना उतरता येत नाही.

पाय धड आहेत गं. पण डर्व्हलाला घेऊन वर उभी राहिले की ती हातातून सुटली असंच डोळ्यासमोर येतं. सुटत नाही. पण दिसतं, आणि छाती अशी धडधडते की बाळच दचकून बघतं. मग मी खाली बसते, तिला पोटाशी घट्ट धरते आणि बुडावर सरकत सरकत एकेक पायरी उतरते. सासूबाईंनी एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या उशीवर मूळव्याधीचं मलम ठेवलेलं होतं. आता किटलीचीही भीती वाटते, सुऱ्या तर मी कपाटाच्या माथ्यावर टाकल्यात (ब्रेड हातानं तोडतो आम्ही, सासूबाईंना वाटतं ही नवी फॅशन). आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे हे कुणाला सांगितलं तर म्हणतील ही बाई ठीक नाही, आणि डर्व्हलाला घेऊन जातील. म्हणून मी सगळ्यांना सांगते, मी छान आहे. तुलाही वर तेच लिहिलंय.

आता गंमत ऐक. बाळंतिणींना घरी येऊन बघणारी आमची नर्स बदलली. नवी हॉलंडची आहे, आनेके नाव, उंच एवढी की दारात वाकते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, चहा घेणार का? तर ती म्हणाली, "हो." मावशी, पहिल्यांदा विचारल्यावर हो! मी किटली भरलीसुद्धा नव्हती! आपण कसं, नको नको, आत्ताच झाला, बरं अर्धा कप, नको गं कशाला त्रास, अगं पाणी ठेवलंच आहे, बरं टाक मग. तेवढ्यात घरची बाई कप धुवून घेते. इथे सासूबाई तिच्याकडे अशा बघत राहिल्या जणू ती आमच्या टेबलावर चढून बसली. वर आनेके म्हणते, "बिस्किटं पण चालतील."

चहा पिऊन तिनं थेट विचारलं, "तुला भीती वाटते का? आपल्या दवाखान्यात एक बाई येणार आहे, नुसती आयांशी बोलायला. जाशील तिच्याकडे?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं गं. इतके दिवस कुणीतरी विचारावं म्हणून थांबले होते. आणि मी काय म्हणाले? "छे छे, कशाला, मी छान आहे." आता हे पहिलं नको होतं. दुसरं नको तोंडात तयार होतं, आणि त्याच्यामागे हो. तर ती म्हणाली, "बरं," आणि कोट घालून गेली! खिडकीतून बघितलं तर खरंच गाडीत बसत होती. असं कुणी करतं का? पुढच्या खेपेलाही तेच. एकदाच विचारते, आणि माणसाचं ऐकते. त्या देशात लोक जगतात कसे देव जाणे.

मग रेडिओवर सांगितलं की सरकारनं बाळंतिणींच्या मनासाठी लाखो युरो मंजूर केलेत आणि आमच्या दवाखान्यात त्यासाठी खास खोली झालीय, उद्घाटनाला मंत्रीबाई येणार. सासूबाई म्हणाल्या, "चल, सँडविच असतील." सगळं गाव आलं होतं, त्यात बाळंतिणी आम्ही तिघीच. खोली म्हणजे पूर्वी चाकांच्या खुर्च्या ठेवायचे ती. आता पिवळा सोफा आहे, दिवा आहे, आणि भिंतीवर दगडावर दगड रचलेला फोटो आहे (मन शांत व्हावं म्हणून. मला वाटत होतं आत्ता पडतील). बोलणारी बाई मात्र तीन गावांत मिळून एकच, ती एक गुरुवार सोडून एका गुरुवारी येणार. बाकीचे पैसे डब्लिनहून निघालेत म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "चालत निघालेत वाटतं."

आणि ही खोली कुठे असेल? वरच्या मजल्यावर. लिफ्ट पुढच्या बजेटात आहे.

चढताना मला काही वाटत नाही. भाषण झालं, मंत्रीबाई फार छान बोलल्या, मदत मागायला लाजू नका वगैरे, मग सगळे सँडविचसाठी खाली पळाले आणि मी डर्व्हलाला घेऊन वरच्या पायरीवर. खाली मंत्रीबाई, पेपरचा फोटोवाला, फादर मॅलकी, सगळे. मी थांबले. कुणी हलेना. शेवटी बसले आणि निघाले बुडावर.

अर्ध्या वाटेत मंत्रीबाई वर आल्या. वाकून म्हणाल्या, "काय झालं गं पोरी? काही हवंय का?" मी म्हटलं, "छे हो, मी छान आहे." बाई इकडच्याच, त्यांना रीत माहीत. "खरंच ना?" "खरंच हो, तुम्ही जा, हॅम संपेल." बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं, तिसऱ्यांदा तोंड उघडलं, मी पण उघडलं, आणि त्यांच्या माणसानं त्यांना कोपराला धरून नेलं. पुढच्या गावात पुलाचं उद्घाटन होतं.

मी तिथेच बसून राहिले. तेवढ्यात शेजारी कोटाचा आवाज झाला. सासूबाई. देवळात घालायच्या चांगल्या कोटात, पर्स मांडीवर घेऊन, माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. "सरक," म्हणाल्या. आणि आम्ही दोघी सरकत उतरलो. फादर मॅलकींना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, तेही बसले. पेपरात फोटो आलाय, "नव्या केंद्रात नव्या उपचाराची झलक."

घरी आल्यावर सासूबाईंनी मलम कपाटात ठेवून दिलं.

मोठ्यांना मान, काकांना मोठ्यानं नमस्कार.

तुझी भाची,
ब्रोना

ता. क. डर्व्हलाला मोजे विणलेस तर पिवळे नकोत, तो सोफा आठवतो.

ता. क. २. काल आनेके आली होती. त्या बोलणाऱ्या बाईची गुरुवारची वेळ रिकामी आहे, हवी का म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "नको नको, तिला कशाला त्रास." माझ्या भल्यासाठी गं, रीत म्हणून. आनेके म्हणाली बरं. गेली. सासूबाई दारात उभ्याच राहिल्या, दुसऱ्यांदा विचारेल म्हणून. आता पत्राचं तिकीट त्यांनीच आणून चिकटवलंय, कुणाला लिहितेस हे न विचारता.

ता. क. ३. तुझ्या फर्गलच्या जन्माच्या वेळी तू मठातल्या सिस्टरांकडे "विश्रांतीला" गेली होतीस, असं आई दार लावून म्हणायची. तुलाही जिन्याचीच भीती वाटायची का? आणि तेव्हा फर्गल तुझ्याकडेच राहिला ना? तेवढं मला सांग.

ता. क. ४. तू इतकी वर्षं इंग्लंडात राहिलीस, पहिल्या झटक्यात हो म्हणायला शिकली असशील. आनेके पुन्हा सोमवारी येणार आहे. तू माझ्या शेजारी बस आणि तिनं विचारलं की माझ्या आधी, सासूबाईंच्या आधी, हो म्हण. हे वाचून तू फोन करशील, येऊ का म्हणशील, आणि मी म्हणेन नको गं, गुडघा घेऊन कुठे येतेस. पुन्हा विचारशील, तरी नकोच म्हणेन. ते ऐकू नकोस. तू अजून विचारलं पण नाहीस, तरी हे बघ, लिहूनच टाकते: हो. ये.