डावी बिजागरी

६ जानेवारी २०२४. सायं. ७.
ज्योत्स्नासाठी लॅपटॉप घेतला. खरेदी निर्दोष झाली.
दुकान इथे नांदेडातले, मोहसीनचे. एकेकाळचा माझा विद्यार्थी. तर्कशास्त्रात पस्तीस गुण. दुकानातच मी यंत्र पाऊण तास तपासले. मोहसीनने दोनदा चहा मागवला, तिसऱ्यांदा शटर अर्धे खाली ओढले. माझ्या तपासणीविषयी त्याला वाटणारा आदर त्यातून स्पष्ट होतो.
यंत्राची आवश्यकता निर्विवाद आहे. नात लातूरला रिपीटर बॅचमध्ये आहे. सीईटी मे महिन्यात. परीक्षा संगणकावर होते आणि क्लासच्या लॅबमध्ये सरावाची पाळी पंधरवड्यातून एकदा येते. गेल्या वर्षी अभियांत्रिकीची जागा थोडक्यात हुकली. पेपर येत होता. स्क्रीनवर वेळ पुरला नाही. या वर्षी तसे होणार नाही. याची जबाबदारी मी स्वतः घेतली आहे.
संकल्प: या खरेदीसंबंधी कोणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही.

९ जानेवारी. सकाळी ११.
ज्योत्स्नाचा लातूरहून फोन. झाकण उघडताना डावीकडे ‘कट्ट’ असा आवाज झाला आणि बिजागरीपाशी भेग पडली. मी विचारले, आवाज झाला तेव्हा झाकण किती अंशांत उघडे होते? ती म्हणाली, “आजोबा, मोजलं नाही.” दोन वर्षे विज्ञान शिकलेली मुलगी!
यंत्र चालते का, हे मी विचारले नाही. ते तिने आपण होऊन सांगितले. चालते. म्हणाली, सध्या तसेच वापरते, पुढच्या रविवारी टेस्ट आहे. मी बजावले की यंत्राला आता हात लावायचा नाही. ते यंत्र राहिलेले नाही, पुरावा झाले आहे. पहिल्या एसटीने घेऊन ये.

१० जानेवारी.
ज्योत्स्ना आली. दोन दिवसांचे क्लास बुडतील म्हणाली. सत्यासाठी एवढे बुडणे क्षम्य.
दोघे मोहसीनकडे गेलो. त्याने झाकण एकदाच उघडले आणि मिटले. म्हणाला, “सर, कशाला डोस्कं लावताव? सात दिवसांच्या आत हाय. डबा-बिल आणा, दुसरा पीस घेऊन जावा. बेटीचा टाइम नका घालवू.”
मी शांतपणे विचारले, बदलून देण्याचे कारण काय लिहाल? तो म्हणाला, “कारण काय लिवायचं? बदलला म्हणून लिवतो.”
म्हणजे दोष मान्य नाही आणि तरीही भरपाई. ज्याला कारण नाही असे कार्य मी चाळीस वर्षांत वर्गात चालू दिले नाही. मी म्हणालो, कंपनीने ‘हा निर्मितीदोष आहे’ असे एक वाक्य लेखी द्यावे, मग मी दुसरे यंत्र घेईन. मोहसीनने ज्योत्स्नाकडे पाहिले. ज्योत्स्नाने पायाकडे पाहिले. माझा मुद्दा दोघांनाही पटला होता.
ज्योत्स्ना सायंकाळच्या गाडीने परत गेली. यंत्र माझ्याकडे.

१२ जानेवारी.
कंपनीस पहिले पत्र. चार पाने. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशी अनुमानाची पाचही अंगे नीट बांधली आहेत. प्रतिज्ञा: बिजागरी मुळातच सदोष होती. हेतू: तीन दिवसांच्या सौम्य वापरात ती फुटली. उदाहरणादाखल माझ्या १९७८ सालच्या लोखंडी ट्रंकेची बिजागरी दिली आहे, जी आजही शाबूत आहे. याला उत्तर असूच शकत नाही.

१३ जानेवारी.
सात दिवस आज संपतात. मोहसीनचा दुपारी फोन: “सर, आज लास्ट हाय हां.” मी त्याला पत्राचे निगमन, म्हणजे निष्कर्ष, वाचून दाखवले. फोन मधेच कट झाला. नेटवर्क.

१९ जानेवारी.
कंपनीचे उत्तर. भेग ‘वापरामुळे’ पडलेली असू शकते. असू शकते! शक्यता आणि निश्चिती यांतील भेद न कळणाऱ्या माणसांच्या हाती कारखाने आहेत.
आता प्रात्यक्षिक पुरावा आवश्यक. सुदैवाने या क्षेत्रात मला अधिकार आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या घरांची गुणवत्ता तपासणाऱ्या एका समितीवर मी अकरा महिने होतो. भिंतीची भेग थांबलेली आहे की अजून वाढते आहे, हे ठरवण्याचा मार्ग सोपा असतो. भेगेवर आडवी काचेची बारीक पट्टी चिकटवायची. भेग वाढली की काच तडकते. काचेला बाजू घेता येत नाही.
आज डाव्या बिजागरीवर पट्टी बसवली. गोंद दोन ट्यूब मिसळून करायचा, अतिशय चिवट. पट्टीवर तारीख टाकली, सही केली.
पत्नी पंचशीला दारातून पाहत होती. म्हणाली, “अहो, पोरीला पेपर द्यायचाय. तुम्ही निकाल द्यायलाव.” चाळीस वर्षांच्या सहवासाने तिच्या बोलण्यात थोडीफार बांधणी आली आहे.

११ फेब्रुवारी.
काच शाबूत. ही केवळ प्राथमिक अवस्था आहे. कंपनीस आजवर सात पत्रे.
मोहसीन घरी आला होता. सोबत एक जुना लॅपटॉप. म्हणाला, “सर, हा दुकानातला हाय, परीक्षा होईपर्यंत बेटीला वापरू द्या. मोबाइलवर टेस्ट द्यायलीय म्हणे ती. त्येच्यात निम्मा पेपर दिसत न्हाई.” पंचशीलाने हात पुढे केला होता.
मी आडवा आलो. शांतपणे समजावले: आपल्या दाव्यात ‘हानी’ हा एक आवश्यक घटक आहे. पर्यायी यंत्र स्वीकारले तर कंपनी म्हणेल, हानी झालीच नाही. ज्योत्स्नाची गैरसोय होत आहे, हे भावनिकदृष्ट्या दुःखद, पण दाव्याच्या दृष्टीने अनुकूल आहे.
मोहसीनने यंत्र पुन्हा पिशवीत घातले. मग म्हणाला, “सर, तुमी आमाला शिकवलंव म्हणून बोलत न्हाई.” कृतज्ञ मुलगा. यंत्र परत घेऊन गेला.
संकल्प: यापुढे आठवड्याला एकच पत्र.

२१ मार्च. सकाळी ८.
ऐतिहासिक दिवस.
सहाच्या सुमारास धरणी हलली. मांडणीवरची भांडी वाजली, पंखा झुलू लागला. त्र्याण्णवनंतर अशा वेळी माझे शरीर आपोआप वागते. सर्वांत मौल्यवान ते उचलले आणि अंगणात आलो. तेथे उभा राहिल्यावर लक्षात आले की हातात लॅपटॉप आहे आणि पंचशीला आत आहे.
ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली, हे मुद्दाम नोंदवतो. शेजारच्या कोंडाबाईंजवळ जाऊन उभी राहिली. कोंडाबाई म्हणाल्या, “सर लई हुशार, बिल असलेलीच वस्तू उचलली.” त्या दोघी हसल्या. भीतीने माणूस हसतो.
आणि मग पाहिले: काच तडकली आहे!
भेग वाढत असल्याचे सिद्ध झाले. नववे पत्र उभ्यानेच लिहायला घेतले.

२१ मार्च. दुपारी ३.
एक आक्षेप संभवतो. काच भेगेमुळे तडकली की धक्क्यामुळे? पंचशीलाने विचारले, धावताना यंत्र चौकटीला लागले नव्हते काय? लागले होते. परंतु उजव्या बाजूने.
प्रतिपक्षाचा मुद्दा दडवणे हे वितंडवाद्याचे लक्षण. मी पत्रात चौदावे कलम जोडले: त्या दिवशी भूकंपाचा सौम्य धक्का बसला, तथापि तो दोषाचे मूळ कारण नव्हे. एवढा प्रामाणिकपणा पाहून कंपनी नमेलच.
ज्योत्स्नाचा फोन आला होता म्हणे, सगळे ठीक आहे का विचारायला. मी लिहीत असल्याने पंचशीलाने बोलावले नाही.

२ एप्रिल.
कंपनीने यंत्र लातूरच्या सर्व्हिस सेंटरला दाखवण्यास सांगितले होते. स्वतः घेऊन गेलो. तपासणाऱ्या बाईंचे नाव महादेवी. निलंग्याकडच्या. वय पंचवीस, पण काम शिस्तीचे.
त्यांनी यंत्र उलटे-सुलटे पाहिले. “आजोबा, हे काय चिकटवलाव?”
मी पद्धत समजावली, समितीचा संदर्भ दिला. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, “आमच्या आज्जीच्या नव्या घरालाबी काच लावलेली म्हणं कुण्या कमिटीवाल्यानं. काच तडकायची वाट बघत आख्खा पावसाळा पत्र्याच्या शेडात काढला त्यांनी. काच तडकली न्हाई. आज्जीला मात्र तितंच दमा लागला.”
काच तडकली नाही म्हणजे घर पक्के होते. समितीच्या अचूकतेची अशी साक्ष तीस वर्षांनी मिळावी, यात समाधान आहे.
मग मी मुख्य प्रश्न विचारला: बिजागरीत मूळचाच दोष होता की नाही? महादेवी म्हणाल्या, “होता की. ह्या मॉडेलचे जानेवारीत अकरा आले. सगळे बदलून दिलाव. तुम्ही तवाच आणला असता तर कुणी विचारलंबी नसतं. आता ह्याला गोंद लागलाय. गोंद लागलेला पीस सिस्टीम घेतच न्हाई.”
अखेर! निर्मितीदोष मान्य, आणि तोही स्पष्ट शब्दांत. मी खिशातून कागद काढला आणि एवढेच वाक्य लेखी मागितले.
त्या म्हणाल्या, “मला नोकरी करायची हाय, आजोबा.”
ज्योत्स्नाची खोली तेथून दोन गल्ल्यांवर. वेळ होता, परंतु झालेला संवाद विसरण्यापूर्वी नोंदवणे अगत्याचे होते. बसस्थानकावर बसून साडेतीन पाने लिहिली.

१८ एप्रिल.
कंपनीचे अंतिम उत्तर. तीन ओळी. ग्राहकाने यंत्रावर बाह्य पदार्थ चिकटवला आहे. तसेच ग्राहकाने स्वतःच्या पत्रातील कलम चौदामध्ये भूकंपाचा उल्लेख केला आहे. नैसर्गिक आपत्तीमुळे झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही.
चौदावे कलम त्यांनी वाचले, यावरून पूर्ण पत्र वाचले हे सिद्ध होते. पहिला विजय.

२२ एप्रिल.
वकील व्यंकटरावांना भेटलो. जुने स्नेही. अकराही पत्रांच्या प्रती त्यांनी चष्मा लावून वाचल्या. म्हणाले, “सर, केस लई मजबूत आहे. कंपनीची. आणि ती तुम्ही बांधून दिलीत.”
वकिलांचा विनोद मला पूर्वीपासून रुचत नाही.
संकल्प: ग्राहक आयोगापुढे स्वतःच बाजू मांडायची.

४ मे.
ज्योत्स्नाची परीक्षा. केंद्र नांदेडलाच. मी सोडायला गेलो होतो. वाटेत ऑटोत तिला आयोगाच्या अर्जाचा मसुदा थोडक्यात सांगितला, म्हणजे तिच्या मनावरचा ताण हलका व्हावा. बाहेर आल्यावर विचारले, कसा गेला? म्हणाली, “गेला.”
घरी येऊन पंचशीलाच्या मांडीवर डोके ठेवून झोपली. चपला पायातच होत्या.

१६ जून. सायं. ६.
निकाल. गेल्या वर्षी शहाऐंशी पर्सेंटाइल. या वर्षी एकाहत्तर.
घरात कोणी काही बोलत नाही. न बोललेला आरोप हाही आरोपच असतो, म्हणून उत्तर देणे मला भाग पडले. प्रतिज्ञा: यंत्राचा अभाव हे गुण घटण्याचे कारण असल्याचे सिद्ध होत नाही. हेतू: यंत्राविना उत्तीर्ण होणारे विद्यार्थी आढळतात. उदाहरणाला आलो होतो, तेव्हा ज्योत्स्ना मधेच बोलली. आवाज चढलेला नव्हता.
“गणिताचे शेवटचे चौदा प्रश्न मी उघडलेच नाहीत, आजोबा. स्क्रीनवर मागं-पुढं करण्यातच वेळ गेला. नंतर घरी सोडवून पाहिले. चौदाच्या चौदा येत होते.”
मी उपनयाची, म्हणजे पुढच्या अंगाची, वाक्यरचना मनात करून ठेवली होती. ती उच्चारली नाही.
पंचशीलाने दिवा लावला आणि स्वयंपाकघरात गेली.

१७ जून.
काही लिहिण्यासारखे नाही. आयोगाचा अर्ज कपाटात ठेवला.

१ जुलै. सकाळी १०.
ज्योत्स्ना बी.एस्सी.ला प्रवेश घेते आहे, इथल्याच कॉलेजात. अभियांत्रिकीची जागा मिळण्याची शक्यता नाही. शक्यता आणि निश्चिती यांतील भेद या बाबतीत उरलेला नाही.
ती सकाळी कागदपत्रे फायलीत लावत होती. मीही धोतर बदलले, चष्मा पुसला आणि म्हणालो, चल, मी येतो. फॉर्ममधल्या अटी नीट वाचाव्या लागतात.
ती म्हणाली, “नको आजोबा. आज शेवटची तारीख आहे.”
आजीला सोबत घेऊन गेली.
तेव्हा साडेनऊ वाजले होते. कॉलेजचे कार्यालय सायंकाळी पाचपर्यंत उघडे असते.