बाबांच्या खोकल्याला टाळ्या

प्रिय रेमंडकाका,

"एकच गाणं अर्धा तास चाललं की माणूस त्यातच म्हातारा होतो," असं तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात म्हणालात आणि त्याच आठवड्यात ड्रम आवरून बाबांचा 'टिन हेरन' बँड सोडलात. तुमचे गुडघे कसे आहेत? मॉरीनकाकूंना नमस्कार, त्यांच्या बदकांनाही.

इथे व्हिट्स्टेबलमध्ये सगळं ठीक आहे, असं लिहायचं ठरवलं होतं. शनिवारी 'टिन हेरन'च्या चाहत्यांचा मेळावा आहे. (हो, अजून भरतो. माणसं तीच, केस तेवढे गेले.) तुमच्या माघारी एक प्रथा पडली आहे. त्या लांबलचक गाण्यात बासरीच्या आधी बाबा खोकले होते आणि रेकॉर्डवर ते तसंच राहिलं, आठवतं? तिथे आता सगळं सभागृह खोकतं. मनापासून, तालात. लीड्सच्या पोरांचा एक बँड ते गाणं वाजवतो, त्यांनी खोकायला वेगळा माणूस ठेवलाय. चाहत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष फिनमोर इतका सराव करतात की बायको त्यांना गॅरेजमध्ये पाठवते.

परवा तालीम होती, मंडळातले लोक ऐकायला जमले होते. बाबा ऑर्गनवर बसले आणि बासरीच्या कितीतरी आधी त्यांना खोकला आला. खरा. थांबेना. हात पट्ट्यांवरून घसरले, ओठ निळे पडले. आणि काका, लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले! "नवी जागा! वा, हॉवर्ड, इतक्या वर्षांनी नवी जागा!" फिनमोरांच्या डोळ्यांत पाणी. मी पाणी मागत ओरडले, तर शेजारच्या बाईंनी दटावलं, "शू! ऐकू दे की गं!" शेवटी चहाचा कप घेऊन मीच स्टेजवर चढले. त्यालाही टाळ्या. (आता दरवर्षी कुणीतरी चहा घेऊन चढणार.)

डॉक्टर म्हणतात, वाजवू नका. बाबा म्हणतात, "टॅम्सिन, बाळ, लोक जपानहून यायचेत. खोकायला!" यंदा खोकला नको म्हटलं, तर फिनमोर गोंधळले, "मग बासरी कशी सुरू होणार?" घरी बाबा खोकले की मी हातातलं टाकून धावते. तालात खोकत असले तर सराव समजून दारातूनच परत फिरते. पण आताशा मलाही फरक कळेनासा झालाय.

बाकी विशेष नाही. सहज लिहिलं.

तुमची,
टॅम्सिन

ता.क. बाबांना हे पत्र माहीत नाही. तुमचं नाव निघालं की ते अजूनही रेडिओ मोठा करतात.

आणखी एक. शनिवारी ड्रमवर तुम्ही बसाल? ऑर्गन तिथून हाताच्या अंतरावर असतो. बाबांच्या ओठांकडे बघत राहा आणि रंग बदलला की वाजवणं थांबवा. ड्रम थांबले तरच ती माणसं थांबतील, माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही नाहीच म्हणाल. ते पत्रानेच कळवा, फोन बाबा उचलतात.