सात-चारला उतरायचंय

३ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचलो एकदाचे! आई, मी, चार बॅगा आणि आईचं शिवणयंत्र. ते विमानातून आणू नकोस म्हणून मी दोन आठवडे घसा कोरडा केला होता. ते सुखरूप आलं, माझ्या बॅगेचं मात्र चाक तुटलं. आई सकाळपासून मिस्कील हसते आहे.

क्वार्टर दोन खोल्यांचं आहे, पण खिडकी थेट धावपट्टीवर उघडते. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला छोटंसं गाव. आधीच्या मोठ्या विमानतळावर आम्ही बारा कंट्रोलर खांद्याला खांदा लावून बसायचो आणि डोकं खाजवायलाही फुरसत नसायची. इथे कंट्रोलर मी एकटी आणि दिवसाला विमानं दोन. एक सकाळी सव्वादहाला येतं, दुसरं दुपारी सव्वातीनला.

टॉवरला बावन्न पायऱ्या आहेत. वर काचेची गोल खोली, एक फिरती खुर्ची, रेडिओ, दुर्बीण. आई धापा टाकत वर आली, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, तुझी नोकरी म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि त्या शेळ्यासुद्धा दोनच!

हवामान खात्याच्या माणसाला इथे सगळे ढगोबा म्हणतात, तोंडावरसुद्धा. साठीला टेकलेले, पांढरे केस कायम विस्कटलेले. नमस्कार करायच्या आधी आभाळाकडे बघतात. सव्वीस वर्षं इथेच आहेत, तीनदा बदली आली ती तीनदा नाकारली म्हणे. दुसरे आगीच्या बंबाचे ड्रायव्हर, बंबवाले काका. अगदी मितभाषी माणूस. बंब मात्र इतका लखलखीत की त्यात बघून भांग पाडावा.

मला इथे आवडणार आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला दिवस छान गेला. दुपारचं विमान तीन-चाळीसला परत उडालं आणि मी चहाचा थर्मास उघडला. ढगोबाही वर आले होते, त्यांनाही कप दिला.

तीन-पन्नासला बंबवाले काका बंब घेऊन निघाले आणि धावपट्टीच्या बरोबर मध्यावर आडवा लावून उभे राहिले. इंजिन चालूच. मी रेडिओवर विचारलं तर म्हणाले, सराव. मध्येच खरखरीत कुणाचातरी पुसट आवाज आला, शब्द कळले नाहीत. पंधरा मिनिटांनी परत गेले. ढगोबांना विचारलं, हे रोज असतं का? ते चहा तसाच ठेवून खाली गेले.

असेल काहीतरी जुनी शिस्त. छोट्या ठिकाणी माणसं आपापले नियम करून घेतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक विचित्र प्रकार झाला. तीन-पन्नासला रेडिओवर आवाज आला. वयस्कर पुरुषाचा, शांत, अदबशीर. "टॉवर, सात-चार बोलतोय. विमानात बत्तीस जीव. इंधन वीस मिनिटांचं. उतरायची परवानगी मिळेल का?"

सवयीने मी लगेच उत्तर दिलं. कोण, कुठलं, याची चौकशी नंतर. हाक आली की ओ द्यायची, हा आमचा पहिला धडा. मी जागा विचारली. समुद्रावर तीस मैल, असं उत्तर आलं. मग तोच माणूस म्हणाला, "तुम्ही बोललात. फार आभारी आहे."

त्यानंतर काही नाही.

सात-चार नावाच्या विमानाची माझ्याकडे कसलीच नोंद नव्हती. शेजारच्या दोन्ही टॉवरना फोन केले, त्यांच्याकडेही नाही. हौशी माणसं रेडिओवर चेष्टा करतात कधीकधी. पण चेष्टा करणारा आभार कशाला मानेल?

खाली बघितलं तर बंबवाले काका बंबाबाहेर उभे होते. टोपी हातात, नजर माझ्याकडे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काका सकाळीच बावन्न पायऱ्या चढून आले. बसले नाहीत. म्हणाले, "पोरी, तू ओ द्यायला नको होतीस."

मग सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी सात-चार इथे उतरायला आलं होतं. बत्तीस माणसं होती. समुद्रावरून अचानक धुकं आलं. तेव्हाच्या कंट्रोलरने हवामानवाल्याला विचारलं. हवामानवाला, म्हणजे आपले ढगोबा, नुकतेच रुजू झाले होते. ते म्हणाले, दहा मिनिटांत उठेल. विमानाला घिरट्या घालायला सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं, पुन्हा दहा मिनिटं. काका बंब चालू ठेवून पट्टीच्या कडेला उभे होते. डोक्यावरून इंजिनाचा आवाज गोल गोल फिरत होता. मग तो फिरायचा थांबला. समुद्रात शोध शोध शोधलं, एक तुकडा मिळाला नाही.

तेव्हापासून रोज तीन-पन्नासला हाक येते. एकदाच. इथल्या प्रत्येक कंट्रोलरने कानाला खडा लावला आहे. कुणी ओ देत नाही, ती थांबते. विमान उतरू नये म्हणून बंब पट्टीवर आडवा लावायचा हे काकांच्या जुन्या साहेबांनी घालून दिलं, ते काकांनी एक दिवस मोडलं नाही. मला कुणी का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, सांगितलं असतं तर हसली असतीस.

हसलेच असते.

आज तीन-पन्नासला मी रेडिओला हात लावला नाही. इंधन सतरा मिनिटांचं. हाक पुन्हा आली. मग पुन्हा. अकरा वेळा. आधी एकदाच यायची ना?

१० नोव्हेंबर, सोमवार

मुख्य कार्यालयाला फोन केला. तिथल्या साहेबांनी अतिशय मायेने विचारलं की झोप नीट होते ना. मी म्हटलं, होते. (होत नाही.)

इंधन तेरा मिनिटांचं. समुद्रावर बारा मैल. आज त्याच्या आवाजामागे एक मूल रडत होतं आणि कुणीतरी बाई त्याला थोपटत गप्प करत होती, आला हं आपला गाव, आला हं. मला राहवलं नाही. बटण दाबलं आणि तोंडातून निघून गेलं, "सात-चार, थांबा."

तो म्हणाला, "थांबतोय, टॉवर. आम्ही थांबलेलोच आहोत."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

घरी आले तर आई शिवण सोडून खिडकीत बसलेली. म्हणाली, दोन दिवस झाले, पावणेचार वाजून गेले की एक विमान सारखं घिरट्या घालतं गं, उतरत का नाही ते? मी विचारलं, दिसलं तुला? ती म्हणाली, दिसत नाही, ऐकू येतं.

मला अजून इंजिन ऐकू आलेलं नाही. तिला येतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जसं घडलं तसं लिहून ठेवतेय.

दुपारचं विमान उशिरा आलं, तीन-पन्नासलाच. अठ्ठावीस प्रवासी. काकांनी पट्टी मोकळी ठेवली होती, ठेवावीच लागली. हवा स्वच्छ होती. सात-चारची हाक आली, इंधन नऊ मिनिटांचं. मी ओ दिली नाही. माझं विमान उतरायला खाली आलं आणि पायलट रेडिओवर ओरडला, समोर विमान आहे! नाक उचलून वर गेला. दुर्बिणीतून बघितलं, आभाळ रिकामं होतं.

दुसऱ्या खेपेला उतरला. पायलट वर आला, चेहरा पांढराफटक. अर्ध्या मिनिटाचा फरक होता, म्हणाला. खिडक्यांतले चेहरे दिसले इतकं जवळ. तुम्ही पट्टी दुसऱ्याला दिलीच कशी, म्हणून माझ्यावर ओरडला.

म्हणजे गप्प बसूनही भागत नाही आता. ते जवळ येतंय, आणि माझ्या विमानांच्या वाटेत येतंय. मी ओ दिली म्हणून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ढगोबा वर आले आणि माझ्यासमोर लहान मुलासारखे रडले. म्हणाले, मी दहा मिनिटं म्हटलं कारण मला खरंच वाटलं होतं. आणि धुकं उठलं, साडेचारला उठलं, लख्ख ऊन पडलं, तेव्हा आभाळात कुणी नव्हतं. बदल्या का नाकारल्या? तर ते रोज हाक मारतात आणि आपण निघून जायचं? "त्यांना उतरू दे गं," म्हणाले, "एवढंच मागतोय. मी स्वतः पट्टीवर जाऊन त्यांचे पाय धरीन."

काका म्हणाले, अजिबात नाही. ते वर आहेत तोवर वर आहेत. जमिनीला टेकले की इथलेच होणार. मग? काका म्हणाले, मग काय ते मला ठाऊक नाही, जुने साहेबही सांगायचे नाहीत.

इकडे आड तिकडे विहीर. उद्या पुन्हा एखादं खरं विमान त्यांच्या वाटेत आलं तर? पुढच्या वेळी अर्धं मिनिटही नसेल.

आज इंधन सहा मिनिटांचं.

ठरवलं. उद्या उतरवायचं. बत्तीस माणसं आहेत, उतरू द्या म्हणताहेत. यात वाईट काय आहे? उतरवणं हेच तर माझं काम.

आईला उद्या दुपारच्या विमानाने दादाकडे पाठवतेय. ती फुगून बसली आहे. फुगू दे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

२.५० — समुद्रावरून धुकं आलं. टॉवरच्या खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. ढगोबांना विचारलं, कधी उठेल? म्हणाले, मला विचारू नकोस.

३.३० — दुपारचं विमान आलंच नाही, धुक्यामुळे निम्म्या वाटेतून परत वळलं. प्रतीक्षागृहात तीस प्रवासी अडकलेत. त्यात आई. खालून फोन करून म्हणाली, इथल्या खुर्च्या गारठलेल्या आहेत, मी घरी येऊ का? मी म्हटलं, तिथेच बस, हलू नकोस.

घरी एकटी असण्यापेक्षा माणसांत बरी.

३.५० — आला. इंधन चार मिनिटांचं. मी ओ दिली.

काकांना बंब हटवायला सांगितलं. त्यांनी विचारलं, टॉवरचा हुकूम? मी म्हटलं, हो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सात-चारसाठी — बंबाचा दिवा धुक्यातून कडेला सरकताना दिसला.

३.५३ — पट्टीचे दिवे लावले. ढगोबा खाली गेले. इंजिन — आता मलाही ऐकू येतंय.

३.५४ — टेकलं. दिसलं नाही, पण चाकं टेकली तशी काच थरथरली. तो म्हणाला, "टॉवर, सात-चार जमिनीवर. फार आभारी आहे." रडले मी. सुटले ते. सुटले.

३.५७ — "टॉवर, उतरणारे बत्तीस. चढणारे किती?"

नीट ऐकलं नाही बहुतेक.

३.५८ — पुन्हा तेच. चढणारे किती.

मी म्हटलं, कुणीच नाही. सात-चार, कुणीच चढणार नाही. परवानगी नाही. ऐकताय ना — परवानगी नाही —

४.०१ — प्रतीक्षागृहाचा फोन वाजतोय, कुणी उचलत नाही. धुकं जमिनीवरून थोडं उठलंय. माणसांची रांग चाललीय. बॅगा हातात. कुणी घाई करत नाही, कुणी बोलत नाही. सगळ्यांत पुढे ढगोबा. समोरून दुसरी रांग येतेय, निथळणारी माणसं — ती आत जाऊन खुर्च्यांवर बसताहेत. गेलेल्यांच्याच खुर्च्यांवर.

काका एकेकाचा दंड धरून मागे ओढताहेत. ओरडताहेत. कुणी वळूनही बघत नाही.

४.०३ — मुख्य कार्यालय — फोन मेलाय. बंबाचा भोंगा वाजतोय सारखा —

आई शेवटची. गुडघ्यावर हात ठेवून शिडीची एकेक पायरी चढतेय. आई — काचेवर मुठी मारल्या — ऐकू जात नाही तिला —

"टॉवर, एकतीस झाले. एक जागा आहे."

कुणासाठी ते समजलं मला. समजलं. तरी मी खाली जातेय. दार लागायच्या आत तिला त्या शिडीवरून ओढून —