भामाबाईच्या वेळेची किंमत

॥ श्री ॥
माधवनगर, २ ऑक्टोबर २०२५

चि. सुमंत यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

जबडा तारांनी बांधलाय म्हणे, म्हणून फोनऐवजी हे पत्र. जन्मभर धाकटेपणाच्या जोरावर माझं डोकं खाल्लंस, आता महिनाभर गप्प बस. थट्टा करतेय, पण बातमी कळल्यापासून देव पाण्यात घातलेत. खंडाळ्याच्या हमरस्त्यावर ट्रकनं भामाबाईला आणि तिच्या मेंढरांना चिरडलं, आणि रस्त्याच्या पाहणीला गेलेला तू जमावाच्या तावडीत सापडलास. दगड, काठ्या, पेटवलेली जीप. तिच्या नवऱ्याला, अर्जुनाला, पोलिसांनी धरलंय. तो सडला तरी मला वाईट वाटायचं नाही. पण मेंढरांसाठीचा भुयारी रस्ता तूच नामंजूर केलास, असं लोक म्हणतात. खरं काय ते लिही.

काळजीनं आणि रागानं,
तुझी विनोदिनीताई

सातारा, ७ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

लोक म्हणतात ते खरं आहे. खर्चाच्या मानानं फायदा दिसेना. फायदा म्हणजे वाचलेला वेळ, आणि वेळेची किंमत माणसाच्या कमाईवरून ठरते. मोटारवाल्याचं मिनिट महाग. कळप घेऊन कडेला ताटकळणाऱ्या भामाबाईला पगार नव्हता, म्हणून तिचा वेळ शून्य. अर्जुना काठी घालताना ओरडत होता, की आमी माणसं न्हाई व्हय रं. त्याला माझा जीवच घ्यायचा होता, असा लेखी जबाब मी पोलिसांना दिलाय.

दंगलीत रस्ता दिवसभर बंद पडला. अडकलेल्या गाड्यांचा वेळ आमच्या साहेबांनी नुकसानीत धरायला लावला, आणि तोच भुयारी रस्ता आता फायद्याचा ठरतोय. भामाबाई मात्र अजून शून्यच. भुयारी रस्ता मंजूर करणाऱ्या या नव्या अहवालावर सही करायची मला किळस येते. करणार नाही म्हणतोय.

घरी सर्वांस नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
सुमंत

माधवनगर, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सुमंत यास आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून हातातलं ताट भिंतीवर आपटलं. म्हणजे बाई मेली त्यानं काही हललं नाही, गाड्या अडल्या तेव्हा हललं.

सही कर. तुझी किळस तुझ्यापाशी ठेव. बाकीच्या बायका आजही मेंढरं घेऊन तिथेच उभ्या आहेत. आणि कोर्टाला लेखी दे. अर्जुनानं मारलं, हे लिही. बायकोचं प्रेत रस्त्यावर पडलेलं असताना मारलं, हेही लिही. तिचा वेळ तू काय धरला होतास, तेही लिही, आणि त्याच्या जामिनाला हरकत नाही म्हणून सांग.

हे केल्याशिवाय भाऊबीजेला येऊ नकोस. तुला ओवाळायला माझा हात उठणार नाही.

लोभ आहे, म्हणूनच लिहिलं.
विनोदिनी