कोबीला घाला माझं पाणी

७ जुलै
आजपासून ही वही. जनेलबाई म्हणजे इथल्या मुख्य नर्स. त्यांनी बागेत फुकट राबणाऱ्या प्रत्येकाला एकेक वही दिली, कशाला किती पाणी घातलं ते लिहायला. मी सांगितलं, बाई, माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही बेटावर, बोटीने या देशात यायच्या आधी. त्या म्हणाल्या, जमेल तसं लिहा. बरं. मग नंतर तक्रार नको.

जागा झकास आहे. आठ खोल्या, प्रत्येकीची खिडकी बागेकडे. या हॉस्पिसात माणसं बरी व्हायला येत नाहीत, नीट मरायला येतात. मी चाळीस वर्षं डेअरीत गाई धुतल्या, मला त्याचं काही वाटत नाही. घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा हे बरं. डॉक्टर म्हणाला होता, तुमचं हृदय म्हणजे झिजलेला पंप, उन्हात जाऊ नका. ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

मार्चपासून पावसाचा थेंब नाही. बागेचे नळ गावाने बंद केले. म्हणून आम्ही पेशंटच्या अंघोळीचं पाणी वापरतो. नर्स त्यांना बिछान्यातच पुसून काढतात आणि ते पाणी बादलीने बाहेर देतात. कोणाला किळस येते. मला नाही.

१२ जुलै
गुलाब गेले, लव्हेंडर गेलं. आमच्या बेटाकडचा कोबी मात्र ताठ उभा आहे. हा गड्डा धरत नाही, नुसती पानं, सुपासाठी. अव्हेलिनोने लावलाय. तोही आमच्यातलाच, पूर्वी त्याच्या तीनशे गाई होत्या, आता एक गुडघाही धड नाही. म्हणतो, देओलिंडा, या गावात कोबीशिवाय एवढं टवटवीत काही असेल तर ती तुझी जीभ.

पानं घरी नेते. नात मरीसा माझ्यापाशी राहते. पाचवा महिना आहे, रक्त कमी आहे, डॉक्टर हिरवं खा म्हणाला. पेशंटना मी हे सगळं सांगत असते. बिचाऱ्यांना दुसरं काय ऐकायला मिळणार? सगळे तेच विचारतात, बाळ कधी?

१९ जुलै
तीन नंबरात हॅवर्लीबाई, जुन्या शिक्षिका. बोलायच्या आधी पेल्यावर चमचा तीनदा वाजवतात, जसा काही मी चौथीचा वर्ग. आता पाणी घशाखाली उतरत नाही, नर्स ओल्या स्पंजने नुसते ओठ भिजवते. स्पंज काढला की तोंड उघडंच राहतं. त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं की माझं पाणी कोबीला घाला. तुम्ही घरी नेता ना, त्यालाच.

जनेलबाईंचे डोळे भरले. मला वाटलं, बाई हिशेबी आहे, वाया घालवत नाही.

२७ जुलै
हॅवर्लीबाई सोमवारी गेल्या. पाच नंबरचा कॉइल, ट्रक चालवायचा, पडल्यापडल्या दातांतून शीळ घालतो, त्याने तेच सांगितलं. कोबीला. मग दोन नंबरच्या म्हाताऱ्यानेही. तो चार दिवस कोणाशी बोलला नव्हता. अव्हेलिनो म्हणाला, मरणाऱ्यांना तरी चव कळते, जिवंत लोक पिझ्झा खातात.

३ ऑगस्ट
काल जेवताना मरीसाने वाटीवर चमचा वाजवला. तीनदा. आणि मी गृहपाठ केला नसल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

हे कुठे शिकलीस म्हणून विचारलं. म्हणाली, काय शिकले, वावो? आजीला ती वावो म्हणते. ती हॉस्पिसात एकदाही आलेली नाही.

१० ऑगस्ट
कॉइल गुरुवारी गेला. आज मरीसा भांडी घासताना दातांतून शीळ घालत होती. कॉइलची शीळ. शेवटी सूर मोडायचा तशी मोडत होती.

पोटावर हात ठेवला. इथे लाथ, तिथे लाथ, वर एक, सगळ्या एकदम. डॉक्टरने मशीनवर दोनदा पाहिलंय. बाळ एकच आहे. एकच.

१२ ऑगस्ट
सूप बंद. राजमा केला. तिने ताट सारलं. तहान लागलीय म्हणते. तांब्यावर तांब्या पाणी पिते, आणि संपलं की तोंड उघडंच राहतं.

१४ ऑगस्ट
भर दुपारी ती बागेत सापडली. गुडघ्यांवर बसून कच्ची पानं ओरबाडून खात होती. मी ओढायला गेले आणि वर पाहिलं.

आठ खिडक्या. आठही भरलेल्या. ज्यांना कूस बदलायला दोन नर्स लागतात ते उभे होते. कोणी हलत नव्हतं. बेकरीबाहेर नंबर लावून उभे राहतात ना, तसे. तिच्या पोटाकडे बघत.

सगळे तहानलेले. आणि आमच्या घरात पाण्याने भरलेली एकच जागा. ती त्यांना दाखवली कोणी? मी. माझ्या जिभेने.

१५ ऑगस्ट
कोबी उपटला. एकशे नऊ अंश फॅरनहाइट ऊन. अव्हेलिनो ओरडत होता, वेडी झालीस का. एकच रोप राहिलं — डावा हात जड झाला आणि

१८ ऑगस्ट
तीन नंबर. हॅवर्लीबाईंचा पलंग. पंप संपला, आठवडाही नाही म्हणतात. मरीसा येऊन रडून गेली. रडता रडता शीळ.

ट्रक कुठे लावला ते आठवत नाही. किल्ली गादीखाली

कसला ट्रक? मी गाडी चालवायला शिकलेच नाही. सूप मीही खाल्लं होतं. रोज. दोन वाट्या.

१९ ऑगस्ट
विचार केला. बाळाची जागा बाळालाच मिळाली पाहिजे. ते इवलंसं, कोणाकोणाला ढकलेल? आत कोणीतरी जायला हवं, ज्याला भांडता येतं. गोठ्यात दुसऱ्याच्या दावणीत घुसणाऱ्या गाई मी कानाला धरून बाहेर काढल्यात.

जनेलबाईंना सांगितलं, माझं पाणी त्या शेवटच्या कोबीला घाला. त्यांचे डोळे भरले. अव्हेलिनोला म्हटलं, पानं मरीसाला नेऊन दे, खाईपर्यंत तिथून हलू नकोस. कोबी उपटते आणि कोबीच पाठवते, म्हणाला, कोण समजणार तुला? पण शपथ घेतली. मूर्ख आहे, शब्दाचा पक्का.

२१ ऑगस्ट
पाणी घातलं. खिडकीतून दिसलं.
स्पंज मिळतो. पुरत नाही.

२२ —
तिने खाल्लं. अव्हेलिनो सांगून गेला. सगळी पानं.

सरका म्हणावं. हॅवर्लीबाई, वर्ग सुटला. कॉइल, तूही. सगळ्यांना काढते, मग मीही निघते. बाळाची जागा आहे. मी निघणारच —

किती गार आहे. सगळीकडे पाणी —

निघते ना. जरा पिऊन मग